सारा तहकूब म्हणजे माफ का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पणजोबांच्या शेतीच्या कागदावर, छप्पनच्या दुष्काळातला (संवत १९५६, म्हणजे इसवी १८९९-१९००) शेरा आहे : ‘सारा तहकूब, तगाई मंजूर’. म्हणजे बडोद्याच्या गायकवाड सरकारने सारा (शेतजमिनीवरचा कर) माफ केला आणि वर मदतही दिली, असंच ना?

नाही हो ताई. या शेऱ्यात माफी कुठेच नाही.

‘तहकूब’ आता आपण सभेपुरताच वापरतो. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, साऱ्याचंही तेच. वसुली थांबली, देणं कायम. देणंच सोडून दिलं तर त्याला ‘सूट’ किंवा ‘माफी’ म्हणायचं. महसुली मराठीत ‘सूट व तहकुबी’ जोडीनेच येतात, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात.

खेडा सत्याग्रहाबद्दलही हाच घोळ होतो. पेटलाद तेव्हा आपल्या बडोदे राज्यात, पण त्याला लागून असलेला खेडा जिल्हा इंग्रजांचा. तिथला नियम असा की पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षीचा सारा तहकूब. सोळा आणे म्हणजे पुरतं पीक, तेव्हा चार आणे म्हणजे पाव. १९१८ साली शेतकरी सांगत होते की पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत होते वर आहे. सगळं भांडण या आणेवारीवर. गांधीजी आणि वल्लभभाई मागत होते ती तहकुबी, आणि आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं ‘सारामाफीसाठी लढा’!

तगाई हे तर सरळ कर्जच. बी-बियाणं, बैल, विहीर यांसाठी सरकारने द्यायचं आणि पुढे हप्त्यांनी वसूल करायचं. इंग्रजी मुलखात त्यासाठी १८८३ आणि १८८४ चे दोन कायदे होते. शेतकरी तगावा म्हणून ‘तगाई’, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड, पण खरी नव्हे. मूळ अरबी ‘तकावी’, म्हणजे बळ देणं. आपली ‘कुवत’ त्याच धातूची. शेजारचे गुजराती ‘तगावी’ म्हणतात, ते मुळाला जास्त जवळ.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने बँकांनी मार्च ते ऑगस्टचे हप्ते थांबवले, त्याला वर्तमानपत्रांनी ‘मोरेटोरियम’ म्हटलं. चांगली तहकुबी होती की ती! व्याज चढतच होतं, आणि ज्यांनी ती माफी समजली त्यांचे हप्ते लांबले. पुढे दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं व्याजावरचं व्याज केंद्र सरकारने सोसलं. सूट म्हणायची तर तेवढीच. २००८ ची केंद्राची शेतकरी कर्जमाफी मात्र लहान शेतकऱ्यांपुरती खरीच माफी होती.

तुमच्या घरी पुढच्या एक-दोन सालांच्या पावत्या असतील तर त्या काढा. ‘मागील बाकी’च्या रकान्यात तो तहकूब सारा बहुधा सापडेल. रकाना कोरा असेल आणि मधे सुटीचा हुकूम असेल, तर पणजोबांना खरोखर माफी मिळाली.