निवडीचा मेसेज आला म्हणून शेततळं खोदायला घेऊ नका

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि 2018चा मे महिना आठवला. साताऱ्याच्या माण तालुक्यात जमीन, सरकारी अनुदानाच्या शेततळ्यासाठी निवड झाल्याचा मेसेज आलाय, पोकलेन गावात आठवडाभरच आहे, पाऊस तोंडावर आलाय. मग पूर्वसंमतीची, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीची, वाट बघू की खोदून घेऊ, असं तुम्ही विचारलंय. खोदू नका. सातबारा, आठ-अ वगैरे तुम्ही जोडलेलंच असणार, त्यात शिरत नाही.

मीही याच घाईत होतो. तेव्हा 'मागेल त्याला शेततळे' या सरकारी योजनेत जास्तीत जास्त 50 हजार अनुदान मिळायचं. कृषी कार्यालयात विचारायला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "यादीत नाव आहे ना? मग करा सुरू, कागद मागून निघेल." मी विश्वास ठेवला. तीन दिवस पोकलेन चालला. वर 30 बाय 30 मीटर, तळाला 24 बाय 24, खोली 3 मीटर. भरलं तर जवळपास 22 लाख लिटर पाणी. चारी बाजूंनी पिवळ्या मुरमाचे बांध उभे राहिले तेव्हा घरातले सगळे बघायला आले होते.

तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिलंच विचारलं, "आखणीचा फोटो कुठाय?" मोकळ्या रानात फक्कीच्या रेघा मारलेल्या आहेत, खोदकाम अजून झालेलं नाही, असा फोटो त्यांना हवा होता. माझ्याकडे होता तो खड्डा. काम सुरू करायचा लेखी कार्यारंभ आदेश नाही, आखणी नाही, म्हणजे अनुदानही नाही. "करा सुरू" म्हणणाऱ्याची तोवर बदली झाली होती, आणि तोंडी शब्दाचा पुरावा कुठून आणणार? सात महिने खेटे घातले. कधी साहेब मीटिंगला, कधी फाइल जिल्ह्याला. नामंजूर केलंय एवढं तरी लिहून द्या म्हटलं, तेही दिलं नाही. लेखी नकार हातात असता तर वर दाद मागता आली असती. पैशापेक्षा हेच मला आजही जास्त लागतं.

आणि ज्या पावसासाठी घाई केली, तो त्या साली आलाच नाही. ऑक्टोबरअखेर सरकारने 151 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचाही होता. तळ्यात गुडघाभरसुद्धा पाणी साठलं नाही.

म्हणून सांगतो, पोकलेन गेला तर जाऊ द्या, पुन्हा येईल. महाडीबीटी पोर्टलवर पूर्वसंमती दिसू द्या, कृषी सहायकाला (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात) रानात आणून आखणी करून घ्या, अक्षांश-रेखांश दिसतील असा फोटो त्यांच्यासमोर काढा, मगच बकेट जमिनीला लागू द्या. कार्यालयात काहीही विचारायचं तर अर्ज लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. लोक म्हणतात अशाने साहेब नाराज होतात. होऊ देत.

आता आकारमानानुसार 75 हजारांपर्यंत मिळतात, पण काम झाल्यावर आणि आधार जोडलेल्या खात्यातच. आपलं आधार नेमकं कोणत्या बँकेला जोडलंय ते आधीच बघून ठेवा. माझ्या चुलतभावाचे पैसे तो विसरूनच गेलेल्या जुन्या खात्यात जमा झाले होते, चार महिने शोधत होता. मी कृषी खात्यातला माणूस नाही, नियमही बदलत असतात, तेव्हा तुमच्या पूर्वसंमतीच्या पत्रावर जे छापलेलं असेल तेच खरं धरा.

अजून एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. तुमच्याकडे मुरूम असेल तर अस्तरीकरणाशिवाय, म्हणजे तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय, पाणी टिकणार नाही, तो खर्च आत्ताच धरून ठेवा. पण बोअरचं पाणी उपसून तळं भरायच्या फंदात पडू नका. जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात उडवायचं, याला मी पाणी साठवणं म्हणत नाही. आणि कागद टाकलात तर त्याच दिवशी कुंपण घाला, काठावर खुंट ठोकून जाड दोर आत सोडा, त्याला हवा भरलेली ट्यूब बांधा. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवरचं सातवीतलं पोर असंच गेलं. कुंपणाला पैसे पुरले नाहीत तर निदान दोर तरी त्या दिवशी बांधाच.