टोचणीनंतरची गाठ आणि कोकरांची वाढ

आंत्रविषाराच्या (आतड्यात जिवाणूंचे विष होऊन कोकरे पटकन मरतात, त्या रोगाच्या) लसीनंतर कोकरांच्या मानेवर लिंबाएवढ्या गाठी आल्या, ती दोन दिवस नीट चरली नाहीत, तर लसीतल्या ॲल्युमिनियममुळे त्यांची वाढ खुंटेल का, हा आपला प्रश्न वाचून मला दारव्ह्याकडचा माझा मेंढरांचा वाडा आणि सहा वर्षांपूर्वीचा मृग आठवला. मी डॉक्टर नाही. मेंढरे राखणारा माणूस आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

कोणती लस केव्हा टोचावी, हे आपण जाणताच. या लसीत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते ते प्रतिकारशक्ती जागवण्यासाठी, आणि टोचल्या जागी सूज येते तीही बहुधा त्यामुळेच. स्पेनमधील झारागोझा येथील संशोधकांना नुसते हे द्रव्य टोचलेल्या मेंढ्यांतही गाठी आढळल्या. या द्रव्याने मेंढ्यांचे वर्तन बदलते, असे सांगणारा त्यांचा लेख मात्र नियतकालिकाने २०१९ मध्ये मागे घेतला, तरी तोच हवाला देऊन लोक अजून भीती घालतात. माझ्या कळपात गाठ आलेली कोकरे दोन-तीन दिवस मलूल राहिली, पण महिन्याभराने ताणकाट्यावर टांगली तेव्हा बाकीच्यांच्या बरोबरीनेच भरली. खुरकुताच्या तेलयुक्त लसीची गाठ याहून टणक असते व जास्त दिवस टिकते.

माझे नुकसान गाठीने केले नाही, गोठलेल्या लसीने केले. पशुवैद्यकीय कार्यालयातून मिळालेली बाटली फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातली होती आणि आत नासलेल्या दुधासारखे कण तरंगत होते. मी विचारले, तेव्हा समोरच्याने मान वर न करताच सांगितले, "थंड आहे ना, मग झाले." पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लस बर्फात असलेलीच बरी, असे मलाही वाटले, आणि हीच माझी चूक. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. एकदा गोठली की ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटून बसतात, लसीचा जोर उतरतो आणि सूज मात्र वाढू शकते. पाऊस पडून कोवळे गवत फुटले, तशी अकरा कोकरे गेली, तीही सगळ्यांत धष्टपुष्ट. एक तर सकाळी आईच्या कुशीला मान मागे टाकून पडलेले दिसले. तक्रार नेली, तर शवविच्छेदनाचा कागद मागितला. तो करायला कोणी येईपर्यंत उन्हात कोकरू फुगून गेले होते, आणि माझ्या अर्जाची पोचसुद्धा मला दिली नाही.

त्या वर्षापासून मी बाटली हलवून उजेडात धरतो. चांगली लस बराच वेळ एकसारखी गढूळ राहते. गोठलेलीत गाळ लवकर खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसते. शंका असेल तर गोठली नसल्याची खात्री असलेली त्याच लसीची बाटली शेजारी ठेवून पाहावी. नेताना बर्फ व बाटली यांच्यामध्ये कापड घालावे. सुई दर काही मेंढरांनंतर बदलावी, कारण गाठीत पू झाला तर बहुतेक वेळा दोष लसीचा नसून मळक्या सुईचा असतो. तशी गाठ स्वतः न फोडता डॉक्टरांना दाखवावी.

आपल्या कोकरांची दुसरी मात्रा राहिली असेल, तर गाठींना भिऊन ती चुकवू नये. ती मानेच्या दुसऱ्या बाजूला, कातडीखाली द्यावी, आणि त्याआधी बाटली स्वतः हलवून पाहावी. देणारा घाई करत असला तरीही.