‘ठोस राज्य लेसर’ आणि सराफाचा खडा

वरणगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी लष्करी लेसरवरचा इंग्रजी मजकूर मोबाईलवर मराठीत करून घेतला. समोर आलं ते असं: ‘सैन्य वापरासाठी उच्च शक्तीचे ठोस राज्य लेसर विकसित करणे’. ताई विचारतात, हे ठोस राज्य कोणतं, आणि तक्त्यावर नेमकं काय लिहायचं?

राज्य कोणतंच नाही, ताई. ‘सॉलिड स्टेट’मधलं ‘स्टेट’ म्हणजे अवस्था. यंत्राने ते महाराष्ट्र-गुजरातच्या पंगतीत नेऊन बसवलं. ‘ठोस’ही हिंदीच्या वाटेने आलंय. मराठीत पुरावा ठोस असतो, निवडणुकीपुरतं आश्वासनही ठोस असतं, पण लोखंडाला आपण ठोस पदार्थ म्हणत नाही. शाळेच्या पुस्तकात स्थायू, द्रव, वायू हे त्रिकूट आहे. जुन्या लेखनात ‘घन’ भेटतो. पण घन म्हणजे ढगही, घन म्हणजे तिसरा घातही, आणि टाकीचं पाणी मोजतानाही तोच. एवढी कामं असलेल्या शब्दावर आणखी एक ओझं नको. स्थायू घ्या.

आता खरी अडचण. ‘स्थायू लेसर’ लिहिलं की पोरं विचारणार, किरण स्थायू कसा असेल? किरण नसतोच. स्थायू असतं ते माध्यम, म्हणजे ज्याच्या आत प्रकाश वाढत जातो तो पदार्थ.

हे मला पुस्तकाने नाही, जळगावच्या सराफ बाजारात समजलं. पत्नीची तुटलेली साखळी जोडायला नेली होती. कारागिराने दोन्ही हात एका पेटीच्या भोकांतून आत घातले, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, पायाने पेडल दाबलं. टिक्. पुन्हा टिक्. कडी जुळली आणि शेजारचा मीना जसाच्या तसा. आत काय आहे विचारलं तर मान वर न करता म्हणाला, “आत खडा राहतो, भाऊ. त्याच्यातून उजेड निघतो.”

‘सॉलिड स्टेट’चा याहून चांगला मराठी अर्थ मी अजून ऐकलेला नाही. 16 मे 1960 रोजी अमेरिकेत थिओडोर मायमनने पहिला लेसर चालवला तो खड्याचाच होता: कृत्रिम माणिक, त्याभोवती गुंडाळलेला फ्लॅशचा दिवा. त्या पेटीतला खडा पुढच्या पिढीचा, एनडी-याग. याग म्हणजे यिट्रियम, अ‍ॅल्युमिनियम आणि गार्नेट यांची आद्याक्षरं, आणि त्यात थोडं निओडिमियम, म्हणजे ‘एनडी’, मिसळलेलं. (होमहवनाच्या यागाशी याचा संबंध नाही. एका पुरवणीत तोही जोडलेला वाचला आहे.)

मग माध्यमाची अवस्था एवढी नावातच का सांगायची? कारण लष्कराच्या जवळ त्याआधी जे मोठे लेसर होते ते रसायनांवर चालत. अमेरिकेने बोइंग 747 विमानात ऑक्सिजन-आयोडीनचा लेसर बसवला होता. 2010 मध्ये त्याने उडतं क्षेपणास्त्र पाडलंही, पण क्लोरीनसारखी विषारी रसायनं विमानातून वाहायची आणि साठा संपला की मारा संपला. तो प्रकल्प बंद झाला. खड्याच्या लेसरला वीज लागते. जनरेटर चालू आहे तोवर दारूगोळा आहे.

खड्याची खोड वेगळी. वायू वाहून गेला की उष्णताही घेऊन जातो, खड्यातली मात्र आतच साचते. कडा गार, मधला भाग तापलेला, मग खडा स्वतःच भिंगासारखा वागतो आणि किरण बिघडतो. म्हणून जाड दांड्याऐवजी पातळ तुकडे करायचे, म्हणजे उष्णता काढायला पृष्ठभाग जास्त मिळतो. इंग्रजीत त्याला ‘स्लॅब’ म्हणतात. आपल्याकडे स्लॅब घरावर पडतो, तेव्हा तक्त्यावर ‘लादी’ लिहा. 2009 मध्ये नॉर्थ्रॉप ग्रुमन या अमेरिकी शस्त्रास्त्र कंपनीने अशा लाद्यांच्या सात साखळ्यांचे किरण एकत्र करून 105 किलोवॅट गाठले. पुढे लाद्यांच्या जोडीला यिटर्बियम मिसळलेला काचेचा तंतू आला. 2014 मध्ये अमेरिकी नौदलाने पोन्स जहाजावर जे लेसर अस्त्र ठेवलं, त्यात वेल्डिंगसाठी बाजारात मिळणारे सहा तंतू-लेसर होते. म्हणजे सराफाची पेटी आणि युद्धनौका, खानदान एकच.

पण तंतू आला तिथे कारागिराचा ‘खडा’ अपुरा पडतो, म्हणून माझी शिफारस ‘स्थायू-माध्यम लेसर’. एक पोटशंका राहते. डायोडही स्थायूच, मग तो यात का नाही? तो अर्धवाहक, त्यात वीज थेट उजेड बनते, आणि लेसरवाले त्याचं घर वेगळं मांडतात. बहुतेक ठिकाणी हाच डायोड खड्यात ऊर्जा भरायचं काम करतो, त्याला म्हणतात पंपिंग. केळीच्या बागा पाहिलेल्यांना तो शब्द समजवायला नको. आणि जुन्या रेडिओवर ‘सॉलिड स्टेट’ लिहिलेलं असायचं, ते ‘आत काचेचे वॉल्व्ह नाहीत’ हे सांगायला. त्याचा खड्याशी संबंध नाही.

‘उच्च शक्ती’ मात्र यंत्राने बरोबर दिलं. बातम्यांत ‘उच्च ऊर्जा’ही येतं, तेही चालतं, पण दोन्ही एक नव्हेत: शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा. सराफाच्या टिक्‌मध्ये समजा 20 जूल ऊर्जा 5 मिलिसेकंदांत सुटली, तर शक्ती 4 किलोवॅट भरते आणि साखळीपलीकडे काही जळत नाही. 13 एप्रिल 2025 ला आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने, डीआरडीओने, कर्नूलजवळ ज्या लेसरने ड्रोन पाडून दाखवलं, तो 30 किलोवॅटचा. तो 5 सेकंद चालला असं धरलं तर दीड लाख जूल. तेवढ्यात अर्धा लिटर पाणी चहासाठी उकळीला येतं. फरक एवढाच की ही सगळी ऊर्जा दूरवरच्या एका लहानशा ठिपक्यावर ओतायची असते.

तेव्हा तक्त्यावर लिहा: ‘लष्करासाठी उच्चशक्तीचे स्थायू-माध्यम लेसर’. ‘विकसित करणे’ खोडलं तरी चालेल. लेसर की लेझर, हा वाद घरात निघेलच. पाठ्यपुस्तकात स आहे, बाजारात झ. मुलीचे गुण पुस्तकवाल्यांच्या हातात आहेत.