हृदय आधीच कमजोर असताना ठोके मंद करणारी गोळी का देतात?

कारण कमजोर हृदयाला सिम्पथेटिक नसांचा (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या नसांचा) चाबूक दिवसरात्र बसत असतो आणि बीटा ब्लॉकर, म्हणजे हीच ठोके मंद करणारी गोळी, त्याचा मार अडवते. या नसा छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूतून निघतात, मानेच्या तळाशी असलेल्या स्टेलेट गँग्लियन या नसांच्या गाठीमधून आणि आसपासच्या गाठींमधून हृदयात पोचतात. उजवीकडच्या मुख्यतः ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या सायनस नोडकडे, डावीकडच्या जास्त करून खालच्या कप्प्यांच्या स्नायूकडे. निरोगी माणूस जिना चढला की त्या नॉरॲड्रिनॅलिन हे ठोके वाढवणारं रसायन सोडतात, नाडी वाढते. बसला की ओसरते. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय कमजोर झालं की, ते ओसरतच नाही. मग स्नायूपेशी मरतात, हृदयावर हे रसायन जिथे चिकटतं ते बीटा-१ रिसेप्टर कमी होतात (म्हणजे चाबूक वाढला तरी पंपिंग वाढत नाही) आणि घातक अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो.

पूर्वी या आजारात हीच औषधं निषिद्ध मानत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिट-एचएफ चाचणीत मेटोप्रोलॉल सक्सिनेट या बीटा ब्लॉकरने मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले.

मात्र हे पंपिंग घटलेल्या, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला खालच्या डाव्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ४० टक्के किंवा कमी असलेल्या रुग्णांबद्दल. फुफ्फुसात पाणी असताना सुरुवात करत नाहीत. नंतरही मेटोप्रोलॉल सक्सिनेट रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅमपासून, साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट, झेपेल तर २०० पर्यंत. पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढू शकतो, पण तेवढ्यासाठी गोळी आपणहून एकदम बंद करू नका. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं किंवा दम वाढला तर लगेच डॉक्टरांना कळवा.