वाचकांचे प्रश्न : फॉरमॅट मारण्याआधी तारीख बघा

प्रश्न : माझा डेस्कटॉप सात-आठ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी जुन्या हार्डडिस्कवरचं विंडोज १० जसंच्या तसं क्लोन करून साटा एसएसडीवर (चिपवाल्या, न फिरणाऱ्या डिस्कवर) घेतलं होतं. मागच्या आठवड्यात वीज गेली. परत आल्यावर बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढंच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगांच्या पानावर, शिरलो तर एसएसडीचं नाव दिसतं, पण तारीख १ जानेवारी २०१८ दाखवते. ओळखीचा एक मुलगा म्हणतो, ‘काका, फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकून देतो, तासाभराचं काम.’ माझी सगळी भाषांतरं त्यातच आहेत आणि बॅकअप नाही. त्याला हो म्हणू का?

उत्तर : नका म्हणू. मुलगा चांगलाच असेल, पण तो शेवटचा उपाय पहिल्यांदा करायला निघालाय.

तुम्ही पत्रात तीन गोष्टी लिहिल्यात आणि निम्मं निदान स्वतःच करून टाकलंत. एसएसडीचं नाव बायोसमध्ये दिसतं, म्हणजे तिचा कंट्रोलर (आतली कारभारी चिप) हाकेला ओ देतोय. आतला मजकूर शाबूत आहे याची ती हमी नव्हे, पण मेलेली एसएसडी बहुतेकदा नावही सांगत नाही. दुसरी गोष्ट तारीख. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. (आकड्यातच त्याचं माप आहे : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड.) मशीनला वीज नसते तेव्हा घड्याळ त्याच्यावर चालतं, आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसमधली सेटिंगंही त्याच्याच जिवावर टिकतात. सेल संपलेला असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. वीज गेली की तारीख मागे पळते आणि सेटिंगं कारखान्यातून आली होती तशी होतात.

तिसरी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती म्हणजे क्लोन. जुन्या हार्डडिस्कवरचं विंडोज बहुधा एमबीआर पद्धतीच्या, म्हणजे विभागणी जुन्या धर्तीवर मांडलेल्या, डिस्कवर असणार. जसंच्या तसं उचललं की ती पद्धतही सोबत आली. अशी डिस्क लेगसी मोडमध्ये, म्हणजे बूट करायच्या जुन्या पद्धतीनं, सुरू होते. बायोसमध्ये त्याला सीएसएम असंही नाव असतं. आता सेटिंगं मूळपदावर जाऊन बोर्ड नुसत्या यूईएफआयवर, म्हणजे बूटच्या नव्या पद्धतीवर, आला असेल, तर त्याला डिस्क दिसते पण तिच्यावर आपल्या ओळखीचं काही सापडत नाही. म्हणून तो म्हणतो, बूट करण्याजोगं काही नाही. माझा संशय सगळा इथेच आहे.

तेव्हा मशीनचा प्लग काढा, सेल बदला (आकडे असलेली, अधिक खुणेची बाजू वर), तारीख नीट लावा. मग बूटच्या पानावर जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी बूट अडवणारी सोय) बंद करा, सीएसएम चालू करा, बूटच्या क्रमात एसएसडी पहिली ठेवा आणि सेव्ह करून बाहेर पडा. विंडोजचा लोगो दिसून निळा पडदा आला आणि त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं असलं, तर बहुतेकदा साटा मोड (बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत) बदललेला असतो. एएचसीआयच्या जागी रेड असेल तर एएचसीआय करा, किंवा उलट. यातल्या एकाही बदलानं डिस्कवर अक्षरही लिहिलं जात नाही, म्हणून हात आखडता घेऊ नका.

मशीन सुरू झालं तर दुसरं काही करण्याआधी भाषांतरं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. पुढे कधी डिस्क नव्या, जीपीटी पद्धतीची करावीशी वाटली, तर विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाची कमांड आहे. ती फाइल्स न पुसता रूपांतर करते. पण तीही बॅकअपनंतरच.

सुरू नाही झालं तर? दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालणारा) तयार करा आणि त्यावरून मशीन चालू करा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका, ‘ट्राय’ निवडा. एसएसडी उघडून तुमचे फोल्डर दिसले की कॉपी करून घ्या. मधेच कॉपी अडखळायला लागली किंवा डिस्क दिसेनाशी होऊन परत दिसायला लागली, तर तिथेच थांबा. आजारी डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्कदुरुस्ती) चालवणं म्हणजे मोडलेल्या पायानं धावायला लावणं. अशा वेळी डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमनं आधी पूर्ण डिस्कची प्रत घ्यायची. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. विंडोजची बूटदुरुस्ती या सगळ्याच्या नंतर.

फॉरमॅटला एवढा विरोध का, ते सांगतो. हार्डडिस्कच्या दिवसांत मी चुकून उडवलेल्या पुष्कळ फाइल्स परत आणल्यात. त्याच माजात एकदा स्वतःच्या एसएसडीवरून एक फोल्डर उडवला आणि निवांतपणे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. यादी झकास आली. नावं बरोबर, तारखा बरोबर, आकारही बाइटभर इकडचा तिकडे नाही. एकही फाइल उघडेना, म्हणून हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) बघितली, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ०० ०० ०० ००. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला ट्रिमचा निरोप धाडतं : ही जागा आता कुणाची नाही. मग एसएसडी फावल्या वेळात ती खरोखर साफ करून ठेवते. हार्डडिस्कवर जुना मजकूर नवा पडेपर्यंत तसाच राहायचा, ती सवलत इथे नाही. फॉरमॅटमध्ये हाच निरोप अख्ख्या ड्राइव्हसाठी जातो.

त्या मुलाला सेल बदलायला मात्र जरूर बोलवा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी पट्टीसारखी) बायोसमध्येच दिसत नाही. पेनड्राइव्हवरून चालेल असं एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर सुचवा.

उत्तर : जे बायोसला दिसत नाही ते सॉफ्टवेअरलाही दिसायचं नाही, त्यामुळे तिथे पैसे घालू नका. लॅपटॉप पूर्ण बंद करून, शक्य असेल तर आतून बॅटरीची वायर सोडवून, एसएसडी काढा आणि परत बसवा. ती तिरकी आत सरकते, मग दाबून स्क्रू लावायचा. सोनेरी पट्टी बाहेर डोकावत असेल तर नीट बसलेली नाही. तरीही दिसली नाही, तर लॅपटॉप चार्जरला लावून बायोसच्या पडद्यावर अर्धा तास नुसता ठेवा. अचानक वीज तुटल्यावर काही एसएसडींचा आतला नकाशा विस्कटतो आणि तो परत जुळवायला त्यांना निवांत वेळ लागतो. दिसली रे दिसली की कॉपीला लागा, पुन्हा बंद करून बघायचा मोह नको. दुसऱ्या मशीनला जोडून बघणार असाल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली आधी शोधून ठेवा. लॅपटॉपवर ते कित्येकदा आपल्या नकळत चालू झालेलं असतं आणि किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. एवढ्यानंही नाव आलं नाही, तर कंट्रोलर गेला असं समजा. पुढचं काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं, घरच्या स्क्रूड्रायव्हरचं नाही.