सेक्युलरायझेशन म्हणजे धर्मनिरपेक्षीकरण का?

प्रश्न असा आलाय की समाजशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणताना 'सेक्युलरायझेशन'ला 'धर्मनिरपेक्षीकरण' म्हटलं तर चालेल का, की निधर्मीकरण, लौकिकीकरण, इहवादीकरण यातलं काही घ्यावं. लेखाचा विषय आहे 'आधुनिक समाज दिवसेंदिवस कमी धार्मिक होत चाललाय का'.

धर्मनिरपेक्षीकरण नको, एवढं आधीच सांगून टाकतो. शब्द चुकीचा घडलाय असं नाही, पण तो आता आपल्याकडे राज्यव्यवस्थेचा शब्द होऊन बसलाय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला तेव्हापासून धर्मनिरपेक्ष म्हटलं की डोक्यात सरकार, कायदा, कोर्ट हेच येतं. माणसाला लावला तरी अर्थ भेदभाव न करणारा असाच होतो, तो माणूस घरी रोज दोन तास पूजा करत असला तरी आपण त्याला धर्मनिरपेक्ष म्हणू शकतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. समाजशास्त्रातला वाद मात्र त्या दोन तासांचाच आहे. ते दोन तास पुढच्या पिढीत राहतात का, की अर्ध्या तासावर येतात, की नुसतं जाता जाता हात जोडणं उरतं, हा.

डेन्मार्क घ्या. तिथल्या राज्यघटनेनुसार ल्युथरन चर्च हे राष्ट्राचं चर्च आहे, त्याला सरकारने पाठबळ द्यायचं आणि राजा त्याच चर्चचा असायला हवा. म्हणजे आपल्या अर्थाने हे राज्य धर्मनिरपेक्ष नाहीच. पण रविवारी चर्चला नियमाने जाणारे तिथे अगदी थोडे. उलट अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीपासून केंद्र सरकारला कोणताही अधिकृत धर्म स्थापन करायला मनाई आहे आणि तरी विसाव्या शतकात धर्म पाळण्याच्या बाबतीत अमेरिकन लोक युरोपवाल्यांच्या कितीतरी पुढे होते. आता 'डेन्मार्क अमेरिकेपेक्षा जास्त सेक्युलराइझ झालाय' या वाक्यात धर्मनिरपेक्ष घालून बघा, वाक्य सरळ खोटं होतं.

मूळ शब्दाची गंमत अशी की त्यात धर्म कुठे नाहीच. लॅटिन 'सेक्युलम' म्हणजे पिढी, युग, मग शतक, आणि पुढे चर्चच्या भाषेत 'हे जग', कालाच्या ओघात चालणारं. मठात राहून नियमाने जगणारे धर्मगुरू वेगळे आणि बाहेर लोकांत राहून गावचं चर्च सांभाळणारे ते 'सेक्युलर' धर्मगुरू. याला धर्मनिरपेक्ष धर्मगुरू म्हणून बघा बरं. त्यामुळे मठ सोडून बाहेर आलेल्याचंही सेक्युलरायझेशन व्हायचं आणि चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली की तिचंही, १८०३ मध्ये जर्मन मुलखात बिशपांच्या ताब्यातली राज्यंच्या राज्यं इतर राजांमध्ये वाटली गेली त्यालाही हाच शब्द.

आणि इथे '-करण'चं कोडं सुरू होतं, जे मला सगळ्यात रोचक वाटतं. राष्ट्रीयीकरण, शुद्धीकरण म्हटलं की कोणीतरी ते करतंय असं ऐकू येतं. १८०३ ला करणारे होते, त्यांची नावं सांगता येतात. १९६७ मध्ये अल्बानियाच्या सरकारने सगळी प्रार्थनास्थळं बंद करून देश नास्तिक जाहीर केला, तिथेही करणारा होता, तिथे निधर्मीकरण म्हणा, बिनधास्त म्हणा, कारण जबरदस्ती त्या शब्दात आपसूक ऐकू येते. पण विसाव्या शतकातल्या समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं नेमकं उलटं होतं, हे कोणी करत नाहीये, शहरं वाढली, शाळा-दवाखाने-कोर्टं धर्मसंस्थेच्या हातून निघाली, शेजारी दुसऱ्या धर्माचा आला आणि हे आपोआप झालं. शहरीकरण, औद्योगिकीकरण हे शब्दही करणाऱ्याशिवाय चालतात हे मान्य, तेव्हा '-करण' बाद करा असं मी म्हणत नाही, फक्त त्याच्या आधी काय जोडता ते बघा, 'निधर्मी' जोडलं की लगेच कट-कारस्थान वाटायला लागतं.

'कमी धार्मिक' म्हणजे नक्की काय कमी, यावर तर समाजशास्त्रज्ञांचंच एकमत नाही. ब्रायन विल्सन यांनी १९६६ मध्ये मांडलेली व्याख्या अशी की धार्मिक विचार, आचार आणि संस्था यांचं समाजातलं महत्त्व ओसरणं. श्रद्धा संपली असं ते म्हणतच नाहीत. डेव्हिड मार्टिन तर त्याच्या एक वर्ष आधीच म्हणत होते की हा शब्दच टाकून द्या, फार गोंधळाचा आहे, आणि मग १९७८ ला त्याच शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे शब्द असा सुटत नाही. पीटर बर्गर साठच्या दशकात, समाज आधुनिक झाला की धर्म ओसरतो, या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते होते, १९९९ मध्ये त्यांनीच जाहीर सांगितलं की जग पूर्वीइतकंच धार्मिक आहे, काही ठिकाणी जास्तच. मधे १९७९ ची इराणची क्रांती होऊन गेली होती, अमेरिकेत धार्मिक उजवे राजकारणात उतरले होते. पण स्टीव्ह ब्रूससारखे लोक अजून ठाम आहेत की सिद्धांत ठीकच होता, आणि युरोपचे आकडे बघितले तर त्यांना झटकून टाकता येत नाही.

होजे कासानोव्हा या समाजशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये सेक्युलरायझेशनची तीन भागांत फोड केली, ती भाषांतर करणाऱ्याने पाठच करावी असं माझं मत आहे. एक, राज्य, बाजार, विज्ञान हे धर्मापासून सुटून स्वतःच्या नियमांनी चालणं. दुसरं, श्रद्धा आणि आचार प्रत्यक्ष घटणं. तिसरं, धर्म खाजगी होणं, घरापुरता उरणं. पहिलं झालं म्हणून बाकीची दोन होतीलच असं नाही हा कासानोव्हांचा मुद्दा. इंग्रजीत तिन्हीला एकच शब्द वापरून लोक वर्षानुवर्षं एकमेकांच्या डोक्यावरून बोलले. आपल्याला मराठीत तेच ओढवून घ्यायची काय गरज? पहिल्याला 'धर्मसत्तेपासून फारकत' म्हणा, दुसऱ्याला 'धार्मिकता घटणं', तिसऱ्याला 'धर्म खाजगी होणं'. कोणाला कळणार नाही असं यात काही नाही.

तरीही एक छत्री-शब्द लागेलच, मथळ्याला तरी. इहवाद मला आवडतो पण तो विचारसरणीचं नाव आहे, जॉर्ज होलिओक या इंग्रज विचारवंताने १८५१ मध्ये इंग्रजीत 'सेक्युलरिझम' शब्द काढला त्याला तो फिट्ट बसतो, तिथे माणूस ठरवून परलोक बाजूला ठेवतो. इकडे कोणी काही ठरवलेलं नाही. लौकिकीकरण व्युत्पत्तीच्या दृष्टीने उत्तम, पारलौकिकच्या समोर लौकिक, सेक्युलमच्या अगदी जवळ. अडचण एवढीच की रोजच्या मराठीत लौकिक म्हणजे नाव, कीर्ती, 'समाजाचं लौकिकीकरण' वाचून कोणाला समाज प्रसिद्ध होतोय असं वाटलं तर त्याचा दोष नाही. ऐहिकीकरण त्या मानाने बरं, पण ऐहिक म्हटलं की आपल्याला चैन, सुखोपभोग आठवतात. माझा कौल लौकिकीकरणाला, पहिल्या वापरात एका वाक्यात अर्थ सांगून. आणि जिथे जिथे जमेल तिथे सरळ 'समाजावरची धर्माची पकड सैल होणं', विल्सन यांना म्हणायचं होतं ते यात जवळपास पूर्ण येतं.

'समाज धर्मापासून दूर चाललाय' हे वाक्य मात्र टाळा. आपला धर्म शब्द फार पसरट, शेजारधर्म, दानधर्म, गुणधर्म सगळं त्यात. धर्म उरला नाही म्हटलं की वाचकाला नीती बुडाली असं ऐकू येतं आणि वर्णन करणारं वाक्य तक्रार होऊन बसतं.

लेखात आकडे असतील तर अजून एक जागा सांभाळा. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं, २०११ ला हेच २५.२ होते. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत असे लोक २९ टक्के निघाले. यांना इंग्रजीत 'nones' म्हणतात, म्हणजे 'यातलं काही नाही' म्हणणारे, ते देवनागरीत 'नन्स' असं लिहिलेलं मी वाचलंय, आणि दोन परिच्छेद जोगिणींची संख्या इतकी कशी वाढली याच विचारात गेले. निधर्मी किंवा नास्तिकही लिहू नका, अमेरिकेतल्या या गटातले बहुतेक जण देव किंवा कुठलीतरी शक्ती मानतात, फक्त कुठल्या धर्माचं नाव लावत नाहीत. 'धर्म न लावणारे' म्हणा, आडनाव न लावणारे म्हणतो तसं.