वाचकांचे प्रश्न : फायबरचा स्कूप साच्यातच फाटला

प्रश्न : जुन्या जीपच्या बॉनेटसाठी फायबरग्लासचा स्कूप (हवा आत घेणारा उंचवटा) घरी केला. जेलकोटवर (साच्यात सगळ्यात आधी लावतात त्या रेझिनच्या बाहेरच्या थरावर) सुरकुत्या आल्या आणि काढताना कडा फाटली. काय चुकलं?

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. सुरकुत्या येतात त्या जेलकोट पातळ किंवा कच्चा राहिल्याने. वरच्या रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक त्यात शिरतं आणि तो फुगतो. जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण 600 ग्रॅम हवी. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) वजनाच्या दीड ते दोन टक्के. बोटाला चिकट लागेल पण रंग येणार नाही, तेव्हाच मॅट (काचतंतूंची चटई) लावा. आधी चौरस मीटरला 300 ग्रॅमची, मग 450 च्या दोन. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट. रोलरने हवा काढायचा कंटाळा करू नका.

कडा फाटली ती चिकटल्यामुळे. नव्या साच्याला मेणाचे पाच-सहा हात द्या, प्रत्येक हात पुसून तासभर थांबा, वर पीव्हीएचा (वस्तू साच्याला चिकटू न देणाऱ्या द्रवाचा) थर. साच्याच्या भिंती तीनेक अंश बाहेर झुकलेल्या हव्यात. काढण्याआधी चोवीस तास जाऊ द्या.

आणि हे कळकळीने सांगतो : कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर शेवटी.